सूडपटातील कार्यालयीन शिस्त

ज्या चित्रपटाच्या पहिल्या वीस मिनिटांत नायकाचे असे काही नुकसान होते की त्याची भरपाई न्यायालय करू शकत नाही, किंवा करू शकत असले तरी तेथपर्यंत जाण्याची पटकथालेखकाची इच्छा नसते, आणि उरलेल्या दोन तासांत नायक ती भरपाई स्वहस्ते, सव्याज व शक्य असल्यास पावसात वसूल करतो, त्या चित्रपटास सूडपट असे म्हणतात. त्यातील नायक स्वतःच्या घरच्या मृत्यूचा हिशेब पुरा करून थांबला नाही आणि शहरातील इतर गुंडांचाही निकाल लावू लागला, म्हणजे फिर्यादी, तपास अधिकारी, न्यायाधीश आणि फाशी देणारा ही चारही पदे अतिरिक्त कार्यभार म्हणून एकाच माणसाकडे आली, की सूडपटाची एक उपशाखा तयार होते व तिला सोयीसाठी ‘स्वयंनियुक्त दंडाधिकाऱ्याचा चित्रपट’ म्हणता येईल. या दोन्ही प्रकारांविषयी असा सर्वसाधारण समज आहे की हे संतापाचे चित्रपट आहेत. कायद्याच्या संथपणाला कंटाळलेल्या माणसाची सहनशक्ती संपते व तो नियम झुगारून देतो, एवढेच त्यांत असते. प्रत्यक्ष चित्रपट लक्षपूर्वक पाहिले असता मात्र वेगळेच दिसते. सूडपटाच्या नायकाइतका सोशिक, नोंदी ठेवणारा आणि पद्धतशीर माणूस सरकारी कार्यालयांतही क्वचितच आढळतो, आणि तो नियम झुगारतो असे म्हणण्यापेक्षा जुन्या कार्यालयाच्या शेजारी स्वतःचे नवे कार्यालय थाटतो असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

प्रथम सोशिकपणाचा मुद्दा घ्यावा. हिंदी सूडपटाच्या इतिहासात १९७३ हे वर्ष महत्त्वाचे आहे, कारण त्या वर्षी प्रकाश मेहरा यांचा ‘जंजीर’ आणि नासिर हुसेन यांचा ‘यादों की बारात’ असे दोन चित्रपट प्रदर्शित झाले, दोन्हींच्या लेखनात सलीम-जावेद ही जोडी होती, आणि दोन्हींत नायकाच्या आईवडिलांचा खून करण्याचे काम अजित या एकाच नटाकडे सोपवण्यात आले होते. ‘जंजीर’मधील लहान मुलगा दिवाळीच्या रात्री कपाटात लपून खून पाहतो, परंतु खुन्याचा चेहरा न दिसता त्याला केवळ मनगटावरची साखळी आणि तिला लटकणारा पांढरा घोडा दिसतो, ‘यादों की बारात’मधील खुन्याच्या एका पायात आठ नंबरचा आणि दुसऱ्या पायात नऊ नंबरचा बूट असतो. मधल्या काळात हे दोघेही खलनायक श्रीमंत होतात, धंदा वाढवतात, पदरी माणसे बाळगतात, पण साखळी काढून कपाटात ठेवावी असे एकाला सुचत नाही आणि बुटाचा नंबर ही चारचौघांत झाकण्याची गोष्ट आहे असे दुसऱ्याला वाटत नाही. ओळखपरेडच्या दिवशी फिर्यादीची गैरसोय होऊ नये, याची जबाबदारी आरोपींनीच इतक्या निष्ठेने स्वीकारल्याचे उदाहरण न्यायालयीन इतिहासात सापडणे कठीण आहे.

नायकही त्यांच्या निष्ठेला साजेसा थांबतो. तो वाढतो, शिकतो, नोकरी धरतो, प्रेमात पडतो, दोन-तीन गाण्यांत भाग घेतो आणि मगच सूडाकडे वळतो. फौजदारी कायद्यातील मुदतीचे बंधन, म्हणजे ठरावीक काळ उलटल्यावर न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेऊ नये हा नियम, फार तर तीन वर्षांच्या कैदेस पात्र असणाऱ्या गुन्ह्यांपुरताच आहे, खुनाला तो लागू नाही. त्यामुळे इतक्या वर्षांनंतरही नायकाला रीतसर फिर्याद देता आली असती. ‘जंजीर’चा नायक तर स्वतःच पोलीस निरीक्षक असतो, म्हणजे फिर्याद नोंदवण्यासाठी त्याला फक्त स्वतःच्या टेबलाच्या एका बाजूने उठून दुसऱ्या बाजूच्या खुर्चीत बसावे लागले असते. एवढा जवळचा मार्ग सोडून तो लांबचा मार्ग धरतो आणि तरीही न्यायव्यवस्थेच्या संथपणाविषयीची तक्रार मागे घेत नाही.

या विसंगतीची परमावधी पुनर्जन्माच्या सूडपटांत झालेली दिसते. सुभाष घई यांच्या १९८० च्या ‘कर्ज’मध्ये आणि राकेश रोशन यांच्या १९९५ च्या ‘करण अर्जुन’मध्ये खून झालेली माणसे पुन्हा जन्माला येतात व मागील जन्मीचा हिशेब या जन्मी चुकता करतात. ही कार्यपद्धती तपशिलात पाहिली तर तिचे टप्पे असे पडतात: फिर्यादीचा मृत्यू, त्याचा अन्य घरी जन्म, बालपण, तारुण्य, मागच्या जन्माचे स्मरण, जुन्या पत्त्यावर पुन्हा हजेरी, आणि त्यानंतर कारवाई. दिवाणी दाव्यात मूळ वादी वारला तर त्याचे वारस उभे राहतात हे सर्वांना ठाऊक आहे. येथे वादी स्वतःच स्वतःचा वारस म्हणून उभा राहतो. साक्षीपुराव्याची बाबही अशीच काटेकोर असते. राजकुमार कोहली यांच्या १९७६ च्या ‘नागिन’मध्ये मेलेल्या नागाच्या डोळ्यांत मारेकऱ्यांची छबी उमटलेली असते व नागीण ती पाहून आरोपींची यादी निश्चित करते, म्हणजे ज्या प्राण्याला कान नाहीत त्यानेही ऐकीव पुराव्यावर विसंबू नये हे साक्षीशास्त्राचे तत्त्व पाळलेले दिसते.

सूड हा मुळातच कागदोपत्री करावयाचा व्यवहार आहे, या मताला जपानच्या इतिहासात भक्कम आधार मिळतो. एदो काळात, म्हणजे सतराव्या शतकाच्या आरंभापासून १८६८ पर्यंत, तेथे ‘काताकिउची’ नावाची प्रथा होती. बापाचा किंवा वडीलधाऱ्या नातलगाचा खून झाला तर सामुराई कुळातील माणसाला खुन्याला ठार मारण्याची मुभा असे, परंतु त्यासाठी आधी वरिष्ठांना कळवून आपली नोंद करवून घ्यावी लागे, आणि धाकट्या भावाचा किंवा मुलाचा सूड घेण्यास सामान्यतः मान्यता नसे. स्वामीच्या मृत्यूनंतर सुमारे दोन वर्षे दबा धरून बसलेल्या सत्तेचाळीस सामुराईंची अठराव्या शतकाच्या आरंभीची जी हकिकत जपानी रंगभूमीने व पुढे चित्रपटांनी अजरामर केली, तीतील सामुराईंनी अशी नोंद केली नव्हती, आणि काम फत्ते झाल्यावर सरकारने त्यांच्या स्वामिनिष्ठेची कदर ठेवूनही त्यांना पोट चिरून मरण्याचा हुकूम दिला. १८७३ साली मेजी सरकारने ही प्रथा कायद्याने बंद केली. त्यानंतर जपानमधील सूड नाटक-चित्रपटांकडे वर्ग झाला, जेथे परवानगी केवळ निर्मात्याची लागते.

अमेरिकेत या बाबतीत उलटा प्रवास झाला. तेथील चित्रपट उद्योगाने १९३० साली स्वतःसाठी एक आचारसंहिता तयार केली, १९३४ पासून तिची कडक अंमलबजावणी झाली, आणि १९६८ साली तिची जागा प्रेक्षकांच्या वयानुसार चित्रपटांचे वर्गीकरण करणाऱ्या पद्धतीने घेतली. आधुनिक काळातील सूडाचे समर्थन करू नये असे या संहितेत स्पष्ट म्हटले होते. जुन्या काळातील व कमी सुधारलेल्या मुलखातील सूडाला मात्र थोडी मोकळीक होती. व्यवहारात याचा अर्थ असा झाला की, घोडा, टोपी आणि धुळीचा रस्ता असेल तर माणसाने सूड घ्यावा, पण मोटार आणि टेलिफोन असेल तर पोलिसांना कळवावे. संहिता गेल्यावर सहा वर्षांनी, १९७४ साली, मायकेल विनर या ब्रिटिश दिग्दर्शकाचा ‘डेथ विश’ आला आणि मोटारवाल्यांचाही सूडाचा अधिकार प्रस्थापित झाला.

‘डेथ विश’च्या मुळाशी मोटारच होती हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. ब्रायन गारफील्ड या लेखकाच्या गाडीचे कापडी छप्पर कोणीतरी फाडले, त्या वेळी मनात उसळलेल्या रागाचा विचार करता करता त्याने १९७२ साली ही कादंबरी लिहिली, आणि असा राग माणसाला कोठवर नेऊ शकतो याची धास्ती हा तिचा विषय होता. कादंबरीतील नायक हिशेबनीस आहे, चित्रपटात तो वास्तुविशारद झाला. चार्ल्स ब्रॉन्सन यांचा चेहरा पाहून त्यांच्यासमोर ताळेबंदावर शंका घेण्याचे धाडस कोणाही लेखापरीक्षकाने केले नसते, हे बहुधा निर्मात्यांच्या लक्षात आले असावे. चित्रपटात या गृहस्थाच्या पत्नीचा खून होतो व मुलीवर अत्याचार होतो, त्यानंतर तो प्रथम मोज्यात नाणी भरून व पुढे पिस्तूल घेऊन न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर रात्री फिरू लागतो आणि लुटारूंना मारत सुटतो. परंतु ज्या तिघांनी त्याचे घर उद्ध्वस्त केले ते त्याला अखेरपर्यंत सापडत नाहीत. त्यांतील एक, म्हणजे पहिल्याच चित्रपटात काम करणारा जेफ गोल्डब्लम, सुखरूप सुटून पुढे मोठा नट झाला. ज्या चित्रपटाला सूडपटांचा आद्य नमुना समजले जाते त्यात सूड घेतलाच जात नाही, आवक नोंदवहीत एकांची नावे आणि जावक नोंदवहीत भलत्याच लोकांची नावे आढळतात, आणि तरीही कामाचा उठाव पाहून सर्व संबंधित समाधानी असतात, या गोष्टीकडे कार्यालयीन जीवनाचा अनुभव असलेला वाचक आदरानेच पाहील.

शेवट तर त्याहून ओळखीचा आहे. पोलीस त्याला शोधून काढतात, पण त्याच्यामुळे लुटालुटीचे प्रमाण उतरल्याचे वरिष्ठांच्या ध्यानात आलेले असल्याने त्याला अटक करणे गैरसोयीचे ठरते, सोडून देणे नियमात बसत नाही, आणि म्हणून त्याने शहर सोडून जावे असा तोडगा निघतो. नायक शिकागोला जातो. एखाद्या कर्मचाऱ्याविषयी निर्णय घेता येत नसेल तर त्याची बदली करावी, हा जगातील सर्व प्रशासनांचा समान सिद्धान्त यापेक्षा स्वच्छपणे क्वचितच पडद्यावर आला असेल. पुढे १९८२, १९८५, १९८७ आणि १९९४ अशा आणखी चार चित्रपटांत हा वास्तुविशारद लॉस एंजेलिस व न्यूयॉर्क येथे कार्यरत राहिला. अखेरचा चित्रपट आला तेव्हा ब्रॉन्सन सत्तरी ओलांडून गेले होते, म्हणजे निवृत्तीनंतरही मुदतवाढ मिळण्याची परंपरा तेथेही आहे. मूळ लेखकाला मात्र चित्रपटाचा सूर पसंत पडला नाही आणि त्याने १९७५ साली ‘डेथ सेंटेन्स’ नावाची दुसरी कादंबरी लिहून आपले म्हणणे पुन्हा मांडले. तिची दखल त्या मानाने कमी लोकांनी घेतली.

सूडपटाच्या विहित नमुन्यात ‘कारवाईचे कारण’ असा एक रकाना असतो आणि तो भरण्यासाठी प्रामुख्याने स्त्रियांचा उपयोग केला जातो. पत्नी, बहीण किंवा आई पहिल्या वीस मिनिटांत हसते, स्वयंपाक करते, वाढदिवस साजरा करते आणि मरते; तिच्या हसण्याची लांबी व मरण्याची खात्री यांचे प्रमाण इतके ठरून गेलेले आहे की पडद्यावर स्त्री तिसऱ्यांदा आनंदाने वळून पाहू लागली की अनुभवी प्रेक्षक अस्वस्थ होतो. अन्याय सोसलेल्या स्त्रीने स्वतःच कारवाई करावी असे ‘इन्साफ का तराजू’ (१९८०) किंवा एन. चंद्रा यांचा ‘प्रतिघात’ (१९८७) अशा चित्रपटांत घडते खरे, परंतु एकंदरीत हा रकाना भरणारी व्यक्ती आणि त्याखाली सही करणारी व्यक्ती वेगळ्या असाव्यात याकडेच निर्मात्यांचा कल राहिला आहे. २०१४ च्या ‘जॉन विक’ने यात एक सुधारणा केली. त्यातील नायकाची पत्नी आजाराने वारते व मागे एक कुत्र्याचे पिल्लू ठेवून जाते, गुंड ते पिल्लू मारतात व गाडी पळवतात, आणि त्या पिल्लापायी नायक गुंडांची सबंध टोळी संपवतो. पाश्चात्त्य समीक्षकांना ही कल्पना नवी वाटली असली तरी भारतीय अभ्यासकाला ती अपुरी वाटेल, कारण १९८५ च्या ‘तेरी मेहरबानियाँ’मध्ये जॅकी श्रॉफ यांनी रंगवलेल्या नायकाचा खून होतो व त्याचा सूड त्याचा कुत्रा घेतो, म्हणजे माणसाने कुत्र्यासाठी जे केले ते कुत्र्याने माणसासाठी एकोणतीस वर्षे आधीच आणि पिस्तुलाशिवाय करून ठेवले होते.

कारवाईच्या प्रत्यक्ष दिवशी जी शिस्त दिसते तिचा विचार आता करावा लागेल. ठिकाण बहुधा एखादे गोदाम असते, त्यात रिकामी पिंपे व रिकामी खोकी रचलेली असतात, आणि कोणत्या धंद्यात एवढा रिकामा माल साठवावा लागतो याची विक्रीकर खात्यानेही कधी चौकशी केलेली नाही. तेथे नायकाला पंधरा-वीस गुंड घेरतात व त्यानंतर त्याच्यावर एकेक करून चालून जातात. पहिल्याचे काम आटोपेपर्यंत उरलेले जागच्या जागी पवित्रे बदलत राहतात, पण कोणी मध्ये घुसत नाही. बसथांब्यावर, रेशन दुकानात आणि तिकीट खिडकीवर रांग मोडणे हा ज्या समाजात चपळपणाचा पुरावा समजला जातो, त्याच समाजातील गुंडवर्गाने पडद्यावर इतकी निर्दोष रांग पाळावी, ही समाजशास्त्रीय कोड्यात जमा होणारी गोष्ट आहे. याचे तांत्रिक कारण असे की, मारामारी ही स्टंट दिग्दर्शकाने नृत्याप्रमाणे मोजून बसवलेली असते आणि दोघे एकदम चालून आले तर नायकाच्या आधी छायालेखकाची पंचाईत होते. ‘जॉन विक’चे दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की हे स्वतः ‘मेट्रिक्स’मध्ये किआनू रीव्हज यांच्या जागी धोक्याची दृश्ये करणारे स्टंट कलावंत होते, त्यामुळे त्यांच्या चित्रपटांत ही मोजणी विशेष स्वच्छ दिसते.

कार्यालयीन शिस्तीची परिणतीही याच चित्रपटमालिकेत पाहावयास मिळते. पहिल्या चित्रपटात नायकाच्या घरी मुडदे पडल्यावर तो दूरध्वनीवरून बारा जणांच्या जेवणाचे आरक्षण मागतो, तेव्हा मुडदे उचलणारी माणसे येतात, काम करतात आणि सोन्याची नाणी घेऊन जातात. आवाजाच्या तक्रारीवरून दाराशी आलेला पोलीस आत पडलेला मुडदा पाहतो, अदबीने विचारपूस करतो आणि परत फिरतो. मारेकऱ्यांसाठी एक हॉटेल आहे व त्याच्या आवारात खून करण्यास मनाई आहे. २०१७, २०१९ आणि २०२३ च्या पुढील भागांत तर वरिष्ठ मंडळ, त्याच्या वतीने चौकशीला येणारी अधिकारी, बहिष्काराचे आदेश, आणि ते आदेश टंकलेखन यंत्रावर बडवून जुन्या पद्धतीच्या टेलिफोन केंद्रातून जगभर कळवणारा महिला कर्मचारी वर्ग असा पूर्ण आस्थापना विभाग उभा राहतो. चौथ्या भागात नायकाला प्रतिस्पर्ध्यास द्वंद्वाचे आव्हान द्यावयाचे असते, पण त्यासाठी तो एखाद्या मान्यताप्राप्त घराण्याचा सदस्य असणे आवश्यक ठरते, आणि ते सदस्यत्व परत मिळवण्यासाठी आधी त्याला त्या घराण्याचे एक काम करून द्यावे लागते. कुत्र्याच्या पिल्लावरून सुरू झालेले प्रकरण नऊ वर्षांत दाखल्यावर येऊन अडते, यावरून या चित्रपटांचे लेखक अमेरिकन असले तरी त्यांना तहसील कचेरीची अंतःप्रेरणा लाभलेली असावी असे वाटते.

नोंदी ठेवण्याच्या बाबतीत भारतीय नायकही मागे नाहीत. २००८ च्या हिंदी ‘गजनी’तील नायकाची स्मृती पंधरा मिनिटांपलीकडे टिकत नाही, म्हणून तो आरोपीचे नाव व इतर तपशील स्वतःच्या अंगावर गोंदवून घेतो आणि छायाचित्रांवर शेरे मारून ठेवतो, म्हणजे ज्याला काहीच आठवत नाही त्याचेही दप्तर अद्ययावत असते. शंकर यांच्या २००५ च्या तमिळ ‘अन्नियन’मध्ये, जो हिंदीत ‘अपरिचित’ या नावाने पाहिला गेला, दिवसा वकील असलेला नायक संकेतस्थळावरून नागरिकांच्या तक्रारी स्वीकारतो व गरुडपुराणात सांगितलेल्या शिक्षांनुसार त्यांचा निपटारा करतो. ऑनलाइन तक्रार, ठरलेली दंडसंहिता आणि घरपोच अंमलबजावणी अशी तिहेरी सोय तेव्हा कोणत्याच नागरी सुविधा केंद्रात उपलब्ध नव्हती.

सुनावणीचेही तसेच. प्रशासकीय कायद्यात नैसर्गिक न्याय नावाचे तत्त्व आहे, त्याचा गाभा असा की कोणालाही त्याचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा होऊ नये. सूडपटाचा नायक हे तत्त्व न्यायालयापेक्षाही कसोशीने पाळतो. खलनायक हाती लागल्यावर गोळी झाडून मोकळे होणे शक्य असताना तो आधी स्वतःचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, घटनेची तारीख, घटनास्थळ आणि गुन्ह्याचे स्वरूप सांगतो, खलनायकाला त्याची आठवण पटते की नाही याची खात्री करून घेतो, आणि त्याला निवेदनासाठी पुरेसा वेळ देतो, ज्याचा उपयोग खलनायक बहुधा टेबलाखालचे पिस्तूल काढण्यासाठी करतो. १९८३ च्या ‘अंधा कानून’मध्ये अमिताभ बच्चन यांनी रंगवलेल्या पात्राने एका माणसाच्या खुनाबद्दल शिक्षा भोगलेली असते, तो माणूस जिवंत असल्याचे नंतर उघड होते, आणि हे पात्र त्याला न्यायालयातच ठार करून या खुनाची शिक्षा आगाऊ भरली असल्याचा दावा करते. एकाच अपराधाबद्दल दोनदा शिक्षा होऊ नये असे संविधानाच्या २० व्या अनुच्छेदात म्हटलेले आहे, परंतु न झालेल्या खुनाची भोगलेली शिक्षा पुढे करावयाच्या खुनाच्या खात्यात वळती करून घेण्याची तरतूद त्यात नाही. १९८८ च्या ‘शहेनशाह’मध्येही खलनायकाला फास बसतो तो न्यायालयाच्या इमारतीतच. न्यायव्यवस्थेवरचा विश्वास उडालेल्या माणसांनी अखेरच्या प्रसंगासाठी तिचीच वास्तू निवडावी, यात त्या व्यवस्थेविषयीची ओढ लपून राहत नाही.

पोलीस मात्र उशिराच येतात, आणि यात अभ्यासकांना वाटतो तेवढा त्यांचा दोष नाही, कारण त्यांची येण्याची वेळ दुसरेच कोणी ठरवते. १९७५ च्या ‘शोले’च्या मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या जोड्यांनी गब्बरला ठार करतो, आणीबाणीच्या त्या दिवसांत परिनिरीक्षण मंडळाने, म्हणजे चित्रपटांना प्रमाणपत्र देणाऱ्या सरकारी मंडळाने, यास हरकत घेतल्यामुळे शेवट बदलून पोलीस वेळेवर येतात असे दाखवावे लागले. निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने दोन गुन्हेगारांची कंत्राटी भरती करून सबंध टोळीशी लढाई द्यावी, यास मंडळाची हरकत दिसली नाही. ज्याला हातच उरलेले नाहीत त्याने कायदा हातात घेऊ नये, एवढाच मंडळाचा आग्रह होता.

मराठीत हा प्रकार आला तेव्हा त्याने अपेक्षेप्रमाणे काटकसर केली. निशिकांत कामत यांच्या २००५ च्या ‘डोंबिवली फास्ट’मधील माधव आपटे हा बँकेतला कर्मचारी, त्याच्या आईवडिलांचा कोणी खून केलेला नाही, त्याला पुनर्जन्माची सवड नाही, आणि त्याचा स्फोट होतो तो थंड पेयाच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा जादा पैसे मागणाऱ्या दुकानदारासमोर, क्रिकेटच्या बॅटने. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या या चित्रपटाच्याच वर्षाचे नाव महाराष्ट्रातील आणखी एका गोष्टीला चिकटलेले आहे, ती म्हणजे दप्तरदिरंगाईचा कायदा म्हणून ओळखला जाणारा २००५ चा अधिनियम, ज्यानुसार कोणतीही नस्ती, म्हणजे फाइल, एका कर्मचाऱ्याकडे सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक पडून राहता कामा नये. आपटे आणि अधिनियम यांचे दुखणे एकच आहे, उपाय तेवढे वेगळे. सूडपट पाहणाऱ्याला रक्ताची तहान लागलेली असते या मताची तपासणी येथे करता येते. त्याला हवे असते ते असे एक कार्यालय, जेथे त्याची तक्रार कोणाला तरी वीस वर्षांनीही तोंडपाठ आहे, नस्ती गहाळ होत नाही, संबंधित अधिकारी जेवायला गेलेला नाही, आणि निकाल स्वतः दारात येऊन सांगितला जातो. त्या निकालात कोणाचे तरी हाड मोडते, ही त्याच्या दृष्टीने पोचपावती असते.

या कार्यालयातील एकमेव त्रुटी अशी की तेथे अपिलाची खिडकी नाही. विजय तेंडुलकर यांनी श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवरून ज्याची पटकथा लिहिली, त्या गोविंद निहलानी यांच्या ‘अर्धसत्य’मधला (१९८३) निरीक्षक वेलणकर हे ओळखून असावा, कारण खून केल्यावर तो स्वतःच पोलीस ठाण्यात हजर होतो, आणि ‘अंकुश’मध्ये (१९८६) सूड घेणाऱ्या चौघांना फाशी होते. पडद्याबाहेर तर हिशेब फारच लांबतो. २२ डिसेंबर १९८४ रोजी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बर्नहार्ड गेट्झ नावाच्या माणसाने चार तरुणांवर गोळ्या झाडल्या, वृत्तपत्रांना लगेच ‘डेथ विश’ आठवला, १९८७ साली ज्यूरीने त्याला खुनाच्या प्रयत्नातून मुक्त करून विनापरवाना पिस्तुलाबद्दल दोषी धरले, आणि कायमचे पंगुत्व आलेल्या एका तरुणाच्या दिवाणी दाव्यात १९९६ साली त्याच्याविरुद्ध ४ कोटी ३० लाख डॉलरच्या भरपाईचा निकाल लागला. काही क्षणांच्या कारवाईला बारा वर्षांच्या तारखा लागल्या. भारतातील कायदाही, आता भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत, स्वसंरक्षणाचा अधिकार देतो तो धोका समोर उभा असेपर्यंतच. धोका निघून गेल्यावर, मोठे होऊन, व्यायाम करून व साखळी ओळखून केलेल्या संरक्षणाला तो लागू होत नाही.

प्रेक्षकाला हे सर्व ठाऊक असूनही तो टाळ्या वाजवतो, कारण नायकाची यादी वाचली जात असताना आपले नाव तीत निघेल अशी शंका त्याला येत नाही. छापील किमतीच्या प्रसंगी सर्वांत जोरात टाळी वाजवणाऱ्याने गाडी दुसऱ्याच्या फाटकासमोर लावलेली असू शकते, मध्यंतरात वड्यासाठी रांग मोडलेली असू शकते, आणि तो स्वतः एखाद्या कार्यालयात नस्तीवर बसणारा असण्याचीही शक्यता बरीच आहे. माधव आपटे त्या क्षणी पडद्यातून बाहेर उतरला तर पहिल्या चार रांगांतच त्याची बॅट झिजेल. परंतु प्रत्येक प्रेक्षक फिर्यादीच्या खुर्चीचे तिकीट काढून आलेला असतो, आरोपीच्या पिंजऱ्यातली जागा कोणी मागत नाही, आणि मागणी नसल्यामुळे कोणत्याही चित्रपटगृहाने अद्याप तशी आसनव्यवस्था केलेली नाही.